पाळण्यातले पाय

एउदोसिया पुरिसाका रोज पहाटे सव्वापाचला
धक्क्याच्या टोकाशी जाते, बादली सोडते,
दोर भिजून जड होईतो थांबते
आणि समुद्राला ताप आहे का ते बघते.

काचेची नळी. तीन मिनिटं. मग वही.
सतरा. सतरा. सतरा पूर्णांक दोन.
बावीस वर्षांच्या बावीस वह्या,
पहिलीत नवऱ्याचं अक्षर, बाकी सगळ्या तिच्या.
सरकारी कचेरी महिन्याला थोडे पैसे देते,
तेही वेळेवर नाही.
"पाण्याला माझी नाडी कळते," ती म्हणते.
उलट म्हणायचं असावं तिला. किंवा नसावंही.

पेरूच्या या उत्तर किनाऱ्याला
पाठीशी वाळवंट, पुढ्यात गार पाणी,
इतकं गार की घोटे बधिर होतात,
आणि अंचोवीनं इतकं दाट
की वल्हं अडखळावं.
तळातून वर येणारा हा गारवा
हाच इथला पाऊस. दुसरा नाही.

नाताळाच्या सुमारास कधीमधी
पाणी कोमट व्हायचं, मासा खोल जायचा.
जुन्या कोळ्यांनी त्या पाण्याला नाव ठेवलं: बाळ.
येशूच्या वाढदिवसाला येतं म्हणून.
नाव ठेवलं; नावं ठेवली नाहीत.
तेवढ्यात जाळी शिवून व्हायची,
एखादं लग्न उरकायचं,
आणि पाहुणा आपला आपण जायचा.

यंदा नोव्हेंबरातच एकवीस.
तिनं आकडा खोडला, पुन्हा तोच लिहिला.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
पाळणा हलतोय पार तिकडे, पॅसिफिकच्या मधोमध,
जिथं वारे थकले की
ऊन प्यालेलं पाणी पूर्वेकडे घरंगळतं.
आणि पाळण्याखाली निखारे कुणी ठेवले
हे एउदोसियाला विचारू नका.
ती टेकाडापलीकडच्या धुराड्याकडे बोट दाखवेल,
मग त्याच बोटानं
आपल्या कढईखालचा गॅस बंद करेल.

धुराडं मासळीच्या भुकटीचं.
अंचोवी उकडायची, दळायची, पोत्यात भरायची
आणि दूरच्या कुठल्या थंड देशात
पिंजऱ्यातल्या माशांना चारायची.
वास सुटतो. गाव त्याला पगाराचा वास म्हणतं.
तिचा धाकटा, योनेर, तिथंच पोती शिवतो.
गेल्या मोसमात बोटाएवढी पिल्लंही उकडली.
"बाळ यायच्या आधी आपणच बाळं खाल्ली,"
योनेर म्हणाला आणि जेवला नाही.
दुसऱ्या दिवशी जेवला.

तेवीस.
कारखान्याला कुलूप.
पेलिकन बाजारात चालत येतात,
भाडं थकलेल्या म्हाताऱ्यांसारखे
फळ्यांच्या आडोशाला उभे राहतात.
चोवीस पूर्णांक चार.
फेब्रुवारीत वाळवंटावर पाऊस पडला,
चार रात्री, दारावर मुठी आपटाव्यात तसा.
गावामागच्या कोरड्या घळीत
चाळीस वर्षांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं,
म्हणून तिथं घरं होती, दोन दुकानं,
फुटबॉलचं मैदान.
रात्री दोनला घळीला आपली वाट आठवली.
मातीच्या विटा माती झाल्या,
काही कुरकुर न करता.

वह्यांपैकी नऊ वाचल्या.
एउदोसियानं त्या उन्हात पसरल्या, दगड ठेवून,
मासे वाळत घालावेत तशा.
शाई फुटलेली. सतरा कुठला, एकोणीस कुठला,
आता तिलाही सांगता येत नाही.
मार्चमध्ये वाळवंट हिरवं झालं,
लाज नसल्यासारखं. पिवळी फुलंसुद्धा.
शेळ्यांचे दिवस पालटले.

धक्क्याचं टोक वाहून गेलंय.
उरलेल्या टोकाशी ती जाते.
दोर आता आखूड पुरतो.
नळी पाण्यात. तीन मिनिटं.
या तीन मिनिटांत समुद्र कुणाशी बोलत नाही.
मागं योनेर उभा आहे, काम नसलेले हात घेऊन,
काखेत किराणा दुकानातली कोरी वही,
पुठ्ठ्यावर मांजर.
पहिल्या पानावर त्यानं तारीख घातलीये,
पुढं आकड्यापुरती जागा सोडून.